तिसऱ्यांदा जळालेला हेडलाइटचा स्विच : २००९ च्या एका पिकअपचं प्रकरण

गणपती उठून आठवडा झाला होता. सकाळी साडेसहाला नाशकात दिंडोरी रोडवरच्या माझ्या दुकानाचं शटर वर करतोय, तोच नानांची पिकअप दारात येऊन थांबली. हौदात रिकामी कॅरेट, वर ओली ताडपत्री, चाकांना घाटातला लाल चिखल. नाना उतरले, पण काही बोलले नाहीत. दुसऱ्या दाराने त्यांचा पोरगा उतरला आणि त्याने उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला. पेरावर गव्हाच्या दाण्याएवढा फोड होता.

रात्री टोमॅटो घेऊन ते वाशीला निघाले होते. इगतपुरी ओलांडून कसारा घाटात शिरले आणि उतारावर दोन्ही हेडलाइट एकदम गेले. पाऊस, धुकं, मागे ट्रेलर. नानांनी गाडी डाव्या अंगाला घेतली. स्विच दाबून धरला की लाईट लागायची, बोट काढलं की जायची. घाटात स्टेअरिंग आणि गिअर सोडून तिसरीकडे हात न्यायला जागाच नव्हती. मग पोराने सीटवरून वाकून घाट संपेपर्यंत स्विच अंगठ्याने दाबून धरला. स्विच तापत गेला, जळका वास यायला लागला, पण त्याने अंगठा काढला नाही. त्याच अंगठ्यावर वाशी गाठली, माल उतरवला, उजाडायच्या बेताला परत पोचले.

"अरे भाऊ, तूच बसवला होता ना हा स्विच?" नाना एवढंच म्हणाले.

मीच बसवला होता. मार्च २०२३ मध्ये, बाजार समितीच्या गेटसमोर, गाडीत माल भरलेला असताना, पाच मिनिटांत. जुना काढला, नवा खोचला, लाईट लागली, पैसे घेतले. तो दीड वर्षात वितळला. लाईट का बंद पडली हे मी त्या दिवशी पाहिलं नव्हतं, फक्त कोणता भाग बंद पडला ते पाहिलं होतं. त्या पोराच्या अंगठ्याची जबाबदारी माझ्यावर येते, म्हणून हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतोय. जुन्या पिकअपवर काम करणाऱ्या वायरमनला आणि अशी गाडी चालवणाऱ्यालाही यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

गाडीचा इतिहास

नानांना चहा दिला आणि आधी नुसते प्रश्न विचारले. गाडी २००९ ची. मूळचा हेडलाइट स्विच २०२० पर्यंत विनातक्रार चालला, म्हणजे ११ वर्षं. त्या वर्षी रात्रीच्या फेऱ्या वाढल्या, उजेड कमी वाटायला लागला, म्हणून हायवेवरच्या एका दुकानात मोठे बल्ब टाकून घेतले. "हंड्रेड-नाइन्टी," नाना म्हणाले. म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) १०० वॉट, डिपरला (जवळच्या झोताला) ९०. त्यानंतर वर्षाच्या आत मूळ स्विच जळाला. दुसरा स्विच कुठल्याशा गॅरेजमध्ये बसवला, तो पावणेदोन वर्षं टिकला. तिसरा माझा, दीड वर्ष.

अकरा वर्षं, पावणेदोन, दीड. हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले आणि मला स्वतःचा रागच आला. कुठलाही मीटर न लावता, नुसतं विचारलं असतं तरी मार्चमध्येच समजलं असतं की दोष स्विचचा नाही.

नानांच्या आणखी तक्रारी होत्या. इंडिकेटर कधी लागतात, कधी नाहीत. त्यापायी दोनदा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग, बदलून झालेला. ब्लोअर फक्त तिसऱ्या स्पीडवर चालतो. हॅझर्डचा, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणारा स्विच अडकतो. पावसात डॅशबोर्डखालून पायावर पाणी टपकतं. ही शेवटची तक्रार त्यांनी जाता जाता सांगितली, विजेशी तिचा काही संबंध नसल्यासारखी. मी ती सगळ्यात वर लिहिली.

डॅशबोर्ड उघडला

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी सोडली. जोडताना ती शेवटी. कारण सरळ आहे: आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. निगेटिव्ह सुटलेली असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही.

पंधरा वर्षं उन्हात तापलेलं प्लास्टिक पापडासारखं झालेलं असतं. स्विचच्या पट्टीत थेट स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं की क्लिप मोडलीच. मी आधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं पट्टीवर ठेवतो, मग प्लास्टिकची पट्टी सरकवून एकेक क्लिप मोकळी करतो. तरी एक क्लिप तुटली. ती फेविक्विक आणि चिमूटभर खाण्याच्या सोड्याने बसवली. सोडा पडला की फेविक्विक क्षणात दगडासारखं घट्ट होतं, कानस मारून आकार देता येतो.

कपलर (स्विचच्या मागे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढण्याआधी मोबाईलवर तीन बाजूंनी फोटो घेतले, प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टी लावून नंबर टाकले. रंगांवर मी विसंबत नाही. पंधरा वर्षांत त्या गाडीत चार हात फिरलेले असतात आणि प्रत्येकाने खिशात सापडेल त्या रंगाची वायर जोडलेली असते. इथेही इंडिकेटरच्या वाटेवर घरातल्या फिटिंगची लाल वायर अर्धा फूट निघाली.

मग स्विच हातात आला. समोरून पाहिलं तर साधा, थोडा तिरका बसलेला. मागची बाजू वेगळीच होती. पाचांपैकी दोन पिना तपकिरी-निळ्या पडलेल्या, त्यांच्याभोवतीचं प्लास्टिक फुगून परत थिजलेलं, मेणबत्तीच्या ओघळासारखं. कपलरमधली एक पिन वितळलेल्या प्लास्टिकसकट स्विचलाच चिकटून बाहेर आली. बाकीच्या तीन पिना मात्र नव्यासारख्या चकचकीत. स्विच पूर्ण खराब असता तर सगळीकडे सारखा खराब दिसला असता. इथे फक्त हेडलाइटचा करंट ज्या वाटेने आत येतो आणि बाहेर जातो, तेवढीच वाट भाजली होती.

नानांनी विचारलं, "एवढं जळलं तर फ्यूज कसा नाही गेला?" हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. फ्यूजला फक्त त्याच्यातून किती करंट जातो ते समजतं. पुढे एखाद्या सांध्यावर गरम होतंय हे त्याला समजायचा मार्गच नाही. उलट सांधा सैल झाला, काळा पडला की तिथे अडथळा वाढतो आणि एकूण करंट थोडा कमीच होतो. म्हणून फ्यूज शाबूत आणि स्विच राख, हे अगदी शक्य आहे. त्यात या गाडीत मूळच्या लहान फ्यूजच्या जागी कुणीतरी ३० अँपिअरचा फ्यूज खोचून ठेवला होता.

मोजलं तेव्हा काय निघालं

भाजलेला स्विच अजून अर्धवट चालत होता, हे माझ्या पथ्यावर पडलं. तो तात्पुरता परत जोडला, बॅटरी जोडली, इंजिन सुरू करून अप्पर लावला आणि दुकानातल्या पोऱ्याला लाकडाच्या काडीने स्विच दाबून धरायला सांगितलं. मीटर डीसी व्होल्टवर.

बॅटरीवर १३.८ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर ठीक, जास्तही चार्ज करत नाही. उजव्या बल्बच्या दोन पिनांवर मात्र ११.१. मधले २.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते.

कुठे सांडतात ते शोधायची पद्धत सोपी आहे आणि माझ्या मते हे प्रत्येक वायरमनने करायलाच हवं. लाईट चालू ठेवायची, मीटरची एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेवर. इथे जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज जाण्याच्या वाटेत गेलं. माझ्याकडे २.१ आलं. मग एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बल्बच्या अर्थ (बॉडीला जोडलेल्या) पिनेवर: ०.६. ते परतीच्या वाटेत. पुढे तुकड्या-तुकड्याने मोजत गेलो. बॅटरीपासून स्विचपर्यंत ०.४, स्विचच्या आत जाऊन बाहेर येईपर्यंत ०.९, स्टेअरिंगखालच्या डिपर स्विचमध्ये ०.५, तिथून बल्बपर्यंत ०.३. चांगल्या गाडीत जाण्याची सगळी वाट मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवी.

क्लॅम्प मीटरवर करंट १६ अँपिअर दिसला. आता गुणाकार करा: १६ गुणिले ०.९, म्हणजे १४ वॉटच्या वर. एवढी उष्णता काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकच्या डबीत, हवा न लागता, रात्रभर. माझ्या टेबलावर डाग द्यायची (सोल्डरिंगची) जी लहान कय्या आहे ती २५ वॉटची. तिच्या निम्म्याहून जास्त आच त्या स्विचमध्ये होती आणि पोराने तिच्यावर अंगठा ठेवला होता.

साध्या ६०/५५ वॉटच्या बल्बला अप्परवर दोन्ही मिळून साधारण १० अँपिअर लागतात. मूळ स्विच आणि वायरिंग तेवढ्यासाठी केलेलं असतं. १०० वॉटचे टाकले की १६-१७. करंट दीडपटीहून थोडाच वाढला, पण सांध्यावरची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. १० चे १६ झाले तर उष्णता अडीचपटीवर जाते. तापलं की पिनेची पकड ढिली होते, पकड ढिली झाली की अडथळा वाढतो, अडथळ्याने आणखी तापतं. एकदा हे चक्र सुरू झालं की नवा स्विच काही काळ तग धरतो, इतकंच.

यापुढचा हिशेब मी नानांना कागदावर करून दाखवला, कारण मोठे बल्ब सोडायला ते तयार नव्हते. हॅलोजन बल्बचं व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड दहा नाही, साधारण तीस टक्के पडतो. बल्बचा उजेड १३.२ व्होल्टवर मोजलेला असतो, इथे ११.१ मिळत होते, म्हणजे सोळा टक्के घट. उजेड राहिला निम्म्याहून किंचित जास्त. म्हणजे १०० वॉटचा बल्ब जेमतेम ६० वॉटच्या चांगल्या बल्बाएवढा उजेड देत होता आणि बाकीचं सगळं डॅशबोर्डमध्ये, डिपरमध्ये आणि वायरींमध्ये जळत होतं. नाना बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. "म्हणजे चार वर्षं मी उजेडासाठी पैसे भरले आणि स्विच जाळले?" मी म्हटलं, "नाना, स्विच मीही जाळला. तुम्ही आणलात आणि मी न मोजता बसवला."

अर्थच्या बाजूचे ०.६ कुठून आले तेही सापडलं. मागच्या पासिंगच्या आधी गाडीला डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. रंगवताना पुढच्या पत्र्यावरचा अर्थचा बोल्ट आणि त्याखालचा लग (वायरच्या टोकाची धातूची चकती) दोन्हीवर रंग बसला होता. बाहेरून स्वच्छ, आतून अर्धा तुटलेला. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, त्यामुळे जुन्या गाड्यांना पासिंगच्या आधी रंगाचा हात मारायची रीतच आहे. तो हात मारून झाला की अर्थचे बोल्ट एकदा खोलून घासून घ्या. हे मी आता प्रत्येक गाडीवाल्याला सांगतो.

पाणी

पायावर टपकणाऱ्या पाण्याची तक्रार मी वर का घेतली होती ते फ्यूज बॉक्स खाली ओढल्यावर समजलं. मागच्या पिनांवर हिरवट-निळा थर होता. नाशिककडच्या द्राक्षवाल्याला हा रंग वेगळा सांगावा लागत नाही. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद भिजवताना बादलीला जो रंग चढतो, तोच. नानांनी पाहताक्षणी विचारलं, "मोरचुदाची गोणी फुटली होती का केबिनमध्ये?" गोणी नाही, पण जात तीच. तांब्याला पाणी आणि हवा लागत राहिली की त्याचे क्षार होतात आणि त्यांचा रंग असा येतो. वायर आतून खाल्ली जाते.

पाणी कुठून येतं ते पाहायला पोऱ्याला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवं केलं आणि बाहेरून पाइपने काचेवर पाणी सोडलं. आधी खालून, मग हळूहळू वर. खालच्या रबरातून काही नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यावर पाणी गेलं आणि पोऱ्या आतून ओरडला. थेंब काचेच्या रबरामागून खांबाच्या आतून उतरत होता, वायरिंगच्या जुडग्यावर येत होता आणि त्या जुडग्याला धरून घरंगळत थेट फ्यूज बॉक्सच्या डोक्यावर. वायरी वरून तिरक्या उतरत होत्या, म्हणजे पाण्याला आयती पन्हळ मिळाली होती.

इंडिकेटरचं कोडं इथेच सुटलं. पुष्कळ गाड्यांमध्ये इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या स्विचमधून फिरून फ्लॅशरकडे जातो. हॅझर्डचा स्विच महिनोन्महिने कुणी दाबत नाही, त्यात ओल जाते, आतल्या पट्ट्यांवर थर बसतो आणि इंडिकेटर लहर लागेल तेव्हा चालतात. फ्लॅशर बिचारा चांगला असतो. खात्री करायची असेल तर हॅझर्ड वीस-पंचवीस वेळा दाबा. पट्ट्या घासल्या जाऊन इंडिकेटर तात्पुरते चालू झाले, तर दोष तिथेच आहे. नानांच्या गाडीत बाराव्या वेळेलाच चालू झाले.

ब्लोअर तर स्विचचा प्रश्नच नव्हता. पहिले दोन स्पीड रेझिस्टन्सच्या तारेतून येतात, तिसरा थेट येतो. फक्त शेवटचा स्पीड चालत असेल तर रेझिस्टन्स जळालेला असतो. तो बदलला. पुढे थंडीत पहाटे निफाडकडे काचेवर दव धरतं, तेव्हा बारीक स्पीडचा ब्लोअर लागतोच.

दुरुस्ती

स्विच आणायला भाजलेला नमुना खिशात घालून द्वारका आणि सारडा सर्कलकडच्या पार्टच्या दुकानांत फिरलो. फोनवर मॉडेल सांगून मागवलेला स्विच समोरून सारखा असतो, पण पिनांची मांडणी बदललेली असू शकते. एका दुकानात हॅझर्डचा असाच एक निघाला: खाचेत बसला, पण मीटर लावून पाहिलं तर दोन पिनांची अदलाबदल. तो न घेता दुसऱ्या दुकानातून पिना जुळणारा घेतला. स्विच काउंटरवरच मीटरने तपासून घ्यावा, दुकानदाराला त्यात राग येत नाही.

कपलरचं काम मात्र जपून करावं लागलं. जळालेल्या पिनेला नवी पिन जोडून भागत नाही. पिनेजवळची तांब्याची तार आतून काळी पडलेली असते, तिच्यावर नवी पिन कितीही दाबली तरी सांधा पहिल्या दिवसापासून तापतो. वायर कापत मागे गेलो. एक इंच, काळी. दोन इंच, तांबूस-काळी. तीन इंचांच्या पुढे लखलखीत तांबं दिसलं, तिथून नवा तुकडा जोडला. आधी पकडीने नीट दाबायचं, मग हवा तर टोकाला जरासा डाग. नुसत्या डागावर भरवसा ठेवला तर डाग जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या थरथरीने बरोबर तिथेच तुटते. वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. साधी काळी टेप डॅशबोर्डमध्ये वापरायची नाही, उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि टेप सरकते.

यानंतर रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा वेगळा स्विच. या कामाचा गाभा हाच. स्विचने हेडलाइट पेटवायचा नाही, फक्त रिलेला इशारा द्यायचा. हेडलाइटचा करंट बॅटरीपासून जाड वायरने फ्यूज आणि रिलेतून थेट बल्बला. रिलेच्या पायावर नंबर कोरलेले असतात: ८५ आणि ८६ आतल्या कॉइलचे, ३० बॅटरीकडून येणारा, ८७ बल्बकडे जाणारा. हेडलाइटला जाणारी जुनी वायर आता ८६ ला, ८५ अर्थला. अप्परसाठी एक रिले, डिपरसाठी दुसरा, दोघांना वेगवेगळा १५ अँपिअरचा फ्यूज. वेगळा अशासाठी की अप्परचा गेला तरी डिपर शिल्लक राहावा. घाटात दोन्ही एकदम जाणं म्हणजे काय ते नानांनी पाहिलं होतं. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, म्हणजे त्यापुढे वायर कुठे घासून बॉडीला लागली तरी आग लागायच्या आधी फ्यूज जाईल. वायर अडीच चौरस मिलिमीटरची. रिलेचे पाय खाली तोंड करून बसवले, नाहीतर त्यात पाणी साठतं.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. काही गाड्यांमध्ये स्विच पॉझिटिव्ह नाही, अर्थ तोडतो-जोडतो. बल्बला करंट कायम असतो. तिथे रिलेची जोडणी वेगळी करावी लागते. टेस्ट लॅम्पने दोन मिनिटांत कळतं.

बल्ब परत ६०/५५ वॉटचे. पोराला एलईडी हवे होते. मी नको म्हणालो आणि कारण सांगितलं. हेडलाइटचा आरसा हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाश त्या जागेवरून सुटला नाही तर तो रस्त्यावर कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. कसाऱ्यात समोरून येणाराही कुणाचा तरी पोरगाच असतो. ते त्याला पटलं.

अर्थचा बोल्ट खोलून पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, नवा लग, वर ग्रीस. शिवाय दोन्ही हेडलाइटच्या अर्थची एक स्वतंत्र वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. फ्यूज बॉक्सच्या हिरव्या पिना साफ केल्या, तीन बदलल्या, ३० चा फ्यूज काढून मूळ मापाचा टाकला. वायरींच्या जुडग्याला फ्यूज बॉक्सच्या अलीकडे खाली झोल दिला, म्हणजे पुन्हा कधी थेंब आलाच तर तो बॉक्समध्ये न जाता झोलाच्या तळाशी येऊन खाली टपकेल. या झोलाला एक रुपया लागत नाही आणि जुन्या गाडीचं वायरिंग तो अनेक वर्षं वाचवतो.

नंतरचे आकडे

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. बॅटरीवर १३.९ असताना बल्बवर १३.५. दोन्ही बल्बचा मिळून करंट पावणेअकरा अँपिअर. आणि डॅशबोर्डवरच्या स्विचमधून हेडलाइटसाठी जाणारा करंट पाव अँपिअरपेक्षा कमी. अप्पर अर्धा तास सुरू ठेवला, मग पोराने स्वतः होऊन स्विचवर अंगठा टेकवला. त्याआधी क्षणभर थांबला, ते मी पाहिलं. स्विच थंड होता.

अंधार पडल्यावर आम्ही गाडी भिंतीसमोर उभी करून लाईटची उंची लावली. हौदात कॅरेट भरून तपासलं, कारण रिकाम्या पिकअपची लाईट लावून दिली की माल भरल्यावर मागचे पाटे बसतात आणि लाईट झाडांच्या शेंड्यांवर जाते. नानांनी भिंतीवरचा उजेड पाहिला. कमी वॉटचे बल्ब आणि रस्ता पहिल्यापेक्षा लांबपर्यंत स्वच्छ. त्यांना आधी खरं वाटेना. मग रात्रीच पेठ रोडने एक चक्कर मारून आले.

ऐन हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली, दोन फेऱ्या बुडाल्या, माल शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवावा लागला. हे नुकसान खरं आहे आणि मार्च २०२३ मध्ये मी एक तास जास्त दिला असता तर ते झालं नसतं. मजुरी मी घेतली नाही, फक्त पार्टचे पैसे घेतले. नाना द्यायला तयार होते. आमचं त्यावर थोडं वाजलंही.

त्यानंतर आजवर मी हेडलाइटचा एकही स्विच नुसता बदलून दिलेला नाही. गेटसमोर घाईत गाडी आली तर सरळ सांगतो: आत्ता तात्पुरतं चालू करून देतो, पण बल्बची मापं आणि व्होल्ट बघायला तासभर दुकानावर आणावी लागेल. काही जण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देतो.

सहा महिन्यांनी, मार्चमध्ये, नाना द्राक्षांचे क्रेट सोडून परत जाताना थांबले. डॅशबोर्डची पट्टी परत उघडली, कपलर ओढून पाहिला. पिना चकचकीत, प्लास्टिक पांढरं. इंडिकेटर एकदाही चुकले नव्हते. काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्याचं काम मात्र राहिलंय. तिथे सध्या सीलंट भरलंय, पण रबराखालचा पत्रा बोटाने दाबला की कुरकुरतो. काच उतरवून, गंजलेला भाग कापून, नवा तुकडा वेल्ड करून मग रबर घालावं लागेल. ते डेंटरचं काम आहे आणि त्याला चार दिवस लागतील. नाना म्हणाले, द्राक्षांची खरड छाटणी उरकली की गाडी सोडतो. मी म्हटलं, पाऊस सुरू व्हायच्या आत सोडा, आणि रंग लावायच्या आदल्या दिवशी मला बोलवा. अर्थचे बोल्ट मी स्वतः येऊन झाकतो.